तीन फुटांची लाट

इझरिक मॉसने त्या गुरुवारी वायरलेसवर धडधडीत खोटं सांगितलं. लाट चार फुटांची होती, त्याने तीन सांगितली. हॉग की या बहामातल्या चिमुकल्या बेटाच्या धक्क्यावर त्याला अकरा वर्षं झाली होती. पर्यटकांचं जहाज यायचं असलं की सकाळी साडेपाचला वारा आणि लाट बघून कप्तानाला कळवायचं, हे त्याचं काम. या अकरा वर्षांत त्याने वीतभरही लबाडी केली नव्हती. बेट जहाजाच्या कंपनीच्या मालकीचं. तिने त्याला काहीतरी गुळमट नवं नाव ठेवलं होतं, पण ते पाहुण्यांपुरतं. धक्क्यावरची माणसं हॉग कीच म्हणत.

तीन फुटांपर्यंत जहाजाच्या लहान बोटी धक्क्याला लागू शकतात. चार झाली की कप्तान भोंगा वाजवून सरळ पुढे निघून जातो आणि बेटावरच्या नव्वद कामगारांना आयती सुट्टी मिळते.

"तीन?" दोरखंड सोडवत बसलेला विल्नेर म्हणाला. हा हैतीचा, तोंडाचा फटकळ, पण मनाचा साफ. "दादा, चष्मा बदल. माझे बूट भिजलेत इथवर. मी तर कपडे धुवायला काढले होते. पाहुण्यांसाठी बर्फातल्या कोंबड्या बाहेर काढून ठेवल्यात, जहाज गेलं की सगळ्या आपल्याच!"

"तुझं पोट सोडून दुसरं काही सुचतं का रे तुला?"

"सुचतं की. डॉमिनो." विल्नेर हसला, मग त्याने इझरिकच्या चेहऱ्याकडे पाहिलं आणि हसू आवरलं. "आज केल्सीन येणार होती, नाही का?"

केल्सीन इझरिकची एकुलती एक पोर, त्या जहाजावर कामाला. दर पंधरा दिवसांनी जहाज हॉग कीला लागायचं तेव्हा टॉवेल आणि पावाचे खोके घेऊन ती पहिल्याच बोटीने उतरायची. बापलेक दोरांच्या खोलीमागच्या बाकावर बसून घाईघाईने उकडलेला मासा आणि जॉनी केकचा जाड पाव खायचे. आज तिला सांगायचं होतं की तिची आत्या गेली.

नऊ दिवस झाले होते. इझरिकची बहीण रेमेल्डा नासाऊच्या हॉस्पिटलात वारली. केल्सीन दोन वर्षांची असताना तिची आई मायामीला गेली ती गेलीच. पुढे त्या पोरीची वेणीफणी, शाळा, ताप, रुसवेफुगवे, सगळं रेमेल्डानेच केलं. केल्सीनला आई ठाऊक नव्हती, आत्या ठाऊक होती.

आणि मरण फोनवरून सांगायचं नाही, हे मॉसांच्या घरात पक्कं. माणसाला आधी बसवायचं, पाणी द्यायचं, हात हातात घ्यायचा आणि मग तोंड उघडायचं. इझरिकने सगळ्या नातेवाइकांना दम भरला होता की एक अक्षर बोलायचं नाही. केल्सीनने दोनदा फोन केला. पहिल्यांदा त्याने सांगितलं, आत्या झोपलीय. दुसऱ्यांदा सांगितलं, औषधाने गुंगीत आहे. 

बेटाची व्यवस्थापक मिस पेट्रोनेल. तिने त्याला चांगल्या शब्दांत विचारून पाहिलं होतं. "मिस्टर इझरिक, मी जहाजाला ई-मेल करते. असं काही सांगायला त्यांच्याकडे माणसं नेमलेली असतात."

"नेमलेल्या माणसाकडून माझ्या पोरीला कळायला नको, मिस पेट्रोनेल. गुरुवारी मीच सांगतो."

हट्टी माणूस! त्याने सगळं जुळवून ठेवलं होतं. गुरुवारी पोरीला सांगायचं, मिस पेट्रोनेलने कप्तानाशी बोलून तिला उतरवून घ्यायचं, शुक्रवारी सामानाच्या बोटीने दोघांनी गावी जायचं, तिच्यासाठीच थांबवलेल्या मातीला शनिवारी उभं राहायचं. कारण इथून पुढे जहाज स्पेनला निघणार होतं, आठ दिवस नुसतं पाणी. सगळं सगळं त्याने धरलं होतं, वायव्येचा वारा तेवढा धरला नव्हता.

"इझरिक," वायरलेसवर कप्तानाचा आवाज आला, "इथून मला जास्त दिसतेय. पण तू तीन म्हणतोस तर तुझ्या शब्दावर एक बोट सोडतो. सामान आणि नोकरमाणसं. बघू."

तुझ्या शब्दावर. इझरिक धक्क्याच्या टोकाशी जाऊन उभा राहिला.

बोट निघाली तेव्हा लहानशी दिसत होती, मधेच गडप व्हायची, मग पुन्हा वर यायची. विल्नेर उठून धक्क्याच्या कडेला आला. बोट जवळ आल्यावर इझरिकला पिवळं जाकीट दिसलं आणि त्यातली केल्सीन दिसली, एका हाताने कठडा धरलेली, दुसरा हात त्याच्याकडे हलवत असलेली. हसत होती. तिला काय माहीत!

खलाशाने दोर फेकला, विल्नेरने झेलला, खुंटाला दोन वेढे दिले. तेवढ्यात लाट आली. बोट धक्क्यापेक्षा वर चढली, दाणकन आदळली, खोके उडाले आणि दोर तटकन तुटला. एक खलाशी हात पोटाशी धरून खाली बसला. त्याच्या बोटांतून रक्त येत होतं. केल्सीन गुडघ्यावर पडली होती, ती उठली.

इझरिकला स्वतःची अशी किळस आली की सांगता सोय नाही. बहिणीचं मरण सांगायला त्याने पोरीचाच जीव पणाला लावला होता.

"हॉग की," कप्तान वायरलेसवर विचारत होता, "काय म्हणतोस? आणखी एकदा प्रयत्न करू?"

मधे पंधरा फूट पाणी होतं. एवढ्या अंतरावरून त्याने तिला कैक वेळा चेंडू फेकला असेल. विल्नेर हळूच म्हणाला, "ओरडून सांगून टाक, दादा. आत्ताच. नंतर नाही जमायचं."

पण कसं ओरडायचं? वाऱ्यात, सात-आठ परक्या माणसांदेखत, हलत्या बोटीत उभ्या पोरीला? तिने कठडा सोडला तर?

"नको," इझरिक वायरलेसमध्ये म्हणाला. "लाट चारची आहे. बोट मागे घ्या."

धक्क्यावरून माघारीची खूण म्हणून दोन्ही हात डोक्यावर फुलीसारखे धरतात, ते त्याने धरले. आपल्याच पोरीला आपल्याच हातांनी परत पाठवायचं, आणखी काय व्हायचं राहिलं होतं! बोटीचं तोंड वळू लागलं तशी केल्सीन मागच्या बाजूला धावली, तोंडाभोवती हात धरून ओरडली.

"डॅडी! आत्या कशी आहे?"

पुढचं त्याच्या तोंडून कसं गेलं ते त्यालाही कळलं नाही.

"बरी आहे!" तो ओरडला. "बरी आहे आता! उठून बसते!"

केल्सीनने दोन्ही हात आकाशाकडे केले, तिथल्या तिथे एक उडी मारली. "सांग तिला, रोज प्रार्थना करत होते म्हणावं! बार्सेलोनाहून फोन करते, तिलाच उचलू दे!"

बोट लाटेआड गेली. थोड्या वेळाने जहाजाने भोंगा दिला आणि मागे कामगारांच्या राहत्या खोल्यांकडून सुट्टीचा जल्लोष ऐकू आला. कुणीतरी थाळी बडवत होतं. विल्नेर गेला नाही, तुटका दोर गुंडाळत तिथेच बसून राहिला.

मिस पेट्रोनेल धक्क्यावर आली. तिने वरून सगळं पाहिलं होतं. ती रागावली असती तर इझरिकला बरं वाटलं असतं. ती रागावली नाही.

"आता ई-मेल करावीच लागेल, मिस्टर इझरिक. तिला शनिवारच्या आत कळायला हवं. मातीला येता नाही आलं तरी निदान तिथे बसून रडेल."

"करा," तो म्हणाला. मग त्याने तिची बाही धरली. असं त्याने कधी कुणाला धरलं नव्हतं. "फक्त एवढं लिहा, मिस पेट्रोनेल. आज दुपारी गेली असं लिहा. मी बोललो तेव्हा ती होती, असं लिहा. पाया पडतो तुमच्या."

मिस पेट्रोनेलने बाहीवरच्या त्याच्या हातावर आपला हात ठेवला.

"जहाजवाल्यांना सोबत हॉस्पिटलचा दाखला लागतो," ती म्हणाली. "त्यावर तारीख असते."