एकाच क्रमांकाची दोन सॉफ्टवेअरं

ट्युनिशियातल्या स्फाक्स शहरातल्या त्या छोट्या कंपनीत विदाद नऊ वर्षं होती. ऑलिव्हच्या घाण्यांवर वजनाच्या नोंदी ठेवणारं ‘मीझान’ हे सॉफ्टवेअर त्यांचंच, आणि ते संगणकावर बसवणारा इन्स्टॉलर विदादच्या हातचा. यंदा कंपनीने तेलाची आम्लता तपासणारं ‘सफा’ काढलं. त्याच्या इन्स्टॉलरचं काम ट्युनिसच्या मुख्य कचेरीतून नव्याने आलेल्या सोफियानसाहेबांनी एका दुपारी उरकलं.

“तुमचाच जुना प्रोजेक्ट उचलला, विदादबाई. नाव बदललं, चित्र बदललं, झालं!”

विदादने उघडून पाहिलं आणि मान हलवली. “जुना घेतलात ते उत्तमच केलंत. पण आतला ओळखक्रमांक मीझानचाच राहिलाय. संगणक नाव बघत नाही साहेब, क्रमांक बघतो. त्याला वाटेल, मीझानचीच नवी आवृत्ती आली. सफा चढवेल आणि मीझान काढून टाकेल.”

“माझ्या लॅपटॉपवर तर झकास चढलं.”

“तुमच्या लॅपटॉपवर मीझान होतंच कुठे?”

मागे कुणीतरी फिसकन हसलं. साहेबांचे कान लाल झाले.

“बुधवारी हाज्जा शेदलियांच्या घाण्यावर हे बसणार. ठरलंय.”

“दोन दिवस द्या, मी नीट करून देते.”

“दोन तासही नाही. आणि बुधवारी तुम्ही ऑफिसातच थांबायचं. हा हुकूम समजा.”

बुधवारी सकाळी विदाद लॅपटॉप काखेत मारून लुआजमध्ये, म्हणजे शेअर टॅक्सीत बसली आणि घाण्यावर पोचली. ऐन हंगाम होता. वजनकाट्यावर ऑलिव्हची एक गाडी उतरत होती, मागे अकरा उभ्या होत्या. काटा बंद पडला असता, तर त्या साऱ्या माणसांचा दिवस मातीत गेला असता.

आत साहेब हाज्जांच्या संगणकापुढे बसलेच होते. नवऱ्यामागे वीस वर्षं एकटीने घाणा चालवणारी हाज्जा, बाह्या वर सारून शेजारी उभी होती.

“थांबा!” विदाद दारातूनच म्हणाली. “हाज्जा, तुमच्यासारखंच मीझान माझ्या या लॅपटॉपवर आहे. साहेबांचं नवं आधी यावर चढवू द्या. पाच मिनिटं.”

“हिला कुणी बोलावलं?” साहेब उसळले.

“मी बोलावलं, आत्ता,” हाज्जा म्हणाली. “घाणा माझा आहे. ऊठ रे बाळा, तिला बसू दे.”

विदादने सफा चढवलं. पट्टी भरत गेली, सफाचं चित्र उमटलं. शेजारचं मीझानचं चित्र मात्र गेलं. हाज्जा पडद्यावर वाकली. “माझा काटा कुठे गेला गं?”

“हा योगायोग असेल,” साहेब पुटपुटले.

“मग तुझा योगायोग माझ्या काट्यापासून लांब ठेव. बाहेर रांग बघितलीस?”

अंगणात साहेबांनी विदादला गाठलं. “उद्यापासून येऊ नका.”

“कारणासकट लेखी द्या. नाहीतर मी आठ वाजता माझ्या जागेवर असेन.”

लेखी काही आलं नाही. ती आठला पाच कमी असतानाच येऊन बसली. जुना प्रोजेक्टच पुन्हा घेतला. नऊ वर्षांत घाण्याघाण्यावर ठेचा खाऊन सुधारलेली प्रत्येक पायरी तिने तशीच ठेवली. सफाला मात्र त्याचा स्वतःचा क्रमांक दिला आणि स्वतःचं फोल्डर दिलं. मग सफा चढवून पाहिलं, काढून पाहिलं. मीझान जागचं हललं नाही. बरोबर दोन दिवस लागले.

शनिवारी दोन्ही सॉफ्टवेअरं हाज्जांकडे शेजारी शेजारी नांदू लागली. सोमवारी साहेबांनी मुख्य कचेरीला ‘सफा माझ्या देखरेखीखाली बसलं’ असं ई-पत्र धाडलं. विदादने त्याच पत्राला, सगळ्यांना दिसेल असं, बुधवारची हकीकत जोडली. साहेब टिकले, पण तिच्या चाचणीशिवाय इन्स्टॉलर बाहेर जाणार नाही, असा लेखी नियम आला.

पुढे एकदा हाज्जाने तिच्यापुढे ताज्या तेलात बुडवलेली भाकर आणि हरीसाची तिखट चटणी ठेवली. “त्या दिवशी भीती नाही वाटली, पोरी?”

“वाटली की! घरी हप्ते आहेत, आई आहे. लुआजमध्ये दोनदा वाटलं, उतरावं.”

“मग?”

“ड्रायव्हर थांबवेना,” विदाद म्हणाली आणि दोघी खदखदून हसल्या.