चंद्रोदयाची वेळ

"साळूबाई, तुमचा चंद्र लई घाईचा निघाला हो!"

सकाळी साडेसातलाच सिल्लोडहून काकासाहेबांचा फोन आला. साळूबाई रोज ईमेलने जे पंचांगाचे पत्र पाठवायच्या, त्याचे ते जुने वर्गणीदार. साळूबाई तुळशीला पाणी घालून नुकत्याच आत आल्या होत्या.

"म्हंजी? काय झालं?"

"काल संकष्टीला आभाळ गच्च. चंद्र काय दिसंना. तुमच्या पत्रात आठ चाळीस, म्हणून नैवेद्य दाखवला, जेवलो. आता देवळात बघतो तर फळ्यावर आठ चोपन्न! तीस वर्षांत पहिल्यांदा चंद्राच्या आधी जेवलो, बाई."

साळूबाईंनी पंचांग उघडले. गावांच्या यादीत नजर एक ओळ खाली घसरली होती. प्रत्येक गावापुढे त्याच्या खालच्या गावाची वेळ पडली होती. कुणी उशिरा जेवले, कुणी चंद्र उगवण्याआधीच. त्या स्वतःही पत्रातली वेळ धरूनच जेवल्या होत्या.

जिल्हा परिषदेतून टायपिस्ट म्हणून निवृत्त झाल्यावर त्या मस्कतच्या नणंदेला ईमेलने तिथी, चंद्रोदय आणि उपासाचा एखादा पदार्थ कळवू लागल्या. नणंदेने ते पत्र मैत्रिणींना पाठवले, मैत्रिणींनी माहेरी. सहा वर्षांत साडेअकराशे वर्गणीदार झाले. पूजा आटोपली की पत्र जायचे, एकही दिवस खंड नाही. मुलाचे वाळूजच्या कारखान्यातले काम सुटल्यापासून घर त्यावरच चालत होते. त्यातच उपासाची भाजणी करणारी एक कंपनी वर्षभर जाहिरात द्यायला तयार झाली होती. माणसे आजच चार वाजता येणार होती.

"आत्या, एकानं ओळखलं," सून तनुजा म्हणाली. वर्गणीचे सगळे तीच बघायची. "बाकीचे गप झोपलेत. कशाला जागं करता?"

"मला जाग आली ना."

"चारला कंपनीवाले येतेत! निदान उद्या कळवा."

"उद्या कळवलं तर आजचा दिवस मी खोटं बोलले, असं होईल."

"व्हय, आणि मग घर काय भाजणीवर चालवायचं? तीबी आता मिळायची नाय."

साळूबाईंना हसू आले, पण बोटे थांबली नाहीत. त्यांनी लिहिले: 'काल चंद्रोदयाच्या वेळा चुकल्या. चूक माझी आहे. ज्यांचा उपास लवकर सुटला त्यांनी मनाला लावून घेऊ नये. तुम्ही विश्वास ठेवलात, एवढंच तुम्ही केलंत. प्रायश्चित्त सांगण्याचा मला अधिकार नाही. आज मी निर्जळ राहीन. कुणाला वर्गणी परत हवी असेल, तर कळवावे.'

पत्र गेले.

तीन वाजता कंपनीचा फोन आला. आजचं पत्र वाचलं, सध्या थोडं थांबू म्हणाले. तनुजाने मांडून ठेवलेले कप परत फडताळात ठेवले. संध्याकाळपर्यंत एक्केचाळीस जणांनी वर्गणी परत मागितली. कुणी दोन शब्द चांगले लिहिले, कुणी नुसता खाते क्रमांक.

दिवेलागणीनंतर तनुजा पाहते तो साळूबाई त्या एक्केचाळीस जणांना एकेक करून उत्तर लिहीत होत्या. प्रत्येकाला त्याच्या गावातली पुढच्या संकष्टीची चंद्रोदयाची वेळ.

"आत्या, ते तर गेले की."

"पत्रातनं गेले. उपास तर धरतीलच ना?"

तनुजाने स्टूल ओढले, पंचांग मांडीवर घेतले आणि बोट ठेवून वाचू लागली, "बीड... थांबा हं आत्या. बीड, परत एकदा बघते."