एक घर, आधीच उभे

आमच्या कचेरीचं काम सांगायला सोपं आणि करायला जिवावरचं. भाड्याच्या खोल्यांत आयुष्य काढलेली माणसं एकत्र येतात, संस्था काढतात आणि मग त्यांना कळतं की नुसत्या एकीने विटा येत नाहीत. तिथे आम्ही लागतो. जमीन कशी मिळवायची, कर्ज कोण देईल, हप्ता किती झेपेल, बारा घरांच्या संस्थेने अठ्ठेचाळीस घरांची उडी मारावी की आपलं अंथरूण पाहावं, हे सगळं मी बघते. लोक मला फाईलबाई म्हणतात. तोंडावर म्हणतात, त्यामुळे राग नाही.

घरं बांधण्याआधी आम्ही ती जमिनीवर काढतो. कागदावरच्या नकाशाला सगळे माना डोलावतात आणि कळत कोणालाच नाही. म्हणून मोकळ्या जागेवर चुन्याच्या फक्कीने प्रत्येक घर खऱ्या मापाचं आखायचं, दाराच्या जागी रेघ तोडायची, आणि ज्याचं घर त्याने एक अख्खा दिवस त्यात काढायचा. नियम एकच आणि तो मीच केलेला: भिंत ओलांडायची नाही. आत जायचं तर दारातून, बाहेर यायचं तर दारातून. नियम मोडला की घरातली अडचण कळत नाही. मग ती राहायला आल्यावर कळते आणि शिव्या मला बसतात.

अशाच एका अठ्ठेचाळीस घरांच्या संस्थेत माझी थोरली बहीण सभासद होती, अकरा वर्षांपासून. वडील अंथरुणाला खिळले तेव्हा ताई छापखान्यात लागली, छापलेले फर्मे दुमडून पुस्तकाला लावायच्या कामावर. त्या पगारात माझं शिक्षण झालं, माझं लग्न झालं, वडील गेले, आणि तिचं सगळंच राहून गेलं. ती एका लाँड्रीच्या वरच्या खोलीत राहायची. खोलीची लांबी इतकी बेताची की गुडघे पोटाशी घेऊन झोपावं लागे, आणि खालची यंत्रं सुरू झाली की फरशीबरोबर तिचे दातही वाजायचे. माझ्याकडे ये म्हटलं की म्हणायची, "तुझ्याकडे मी पाहुणी. पाहुणीने किती दिवस राहायचं?" तिला स्वतःचं घर मिळावं एवढी एकच इच्छा माझी उरली होती. बाकीच्या पूर्ण झाल्या होत्या किंवा मी त्यांचा नाद सोडला होता.

चिठ्ठ्या टाकल्या तेव्हा ताईला पंचेचाळीस नंबर आला, अगदी शेवटच्या ओळीत. आखणीच्या दिवशी बाकीच्या घरांत रणं माजली. ओटा इकडे की तिकडे, कपाट मावतं की नाही. एका नवराबायकोने न्हाणीघराच्या दारावरून दिवसभर अबोला धरला, तोही चार फुटांवर समोरासमोर बसून. ताईने सतरंजी अंथरली, आडवी झाली, पाय लांब केले आणि संध्याकाळपर्यंत तशीच पडून राहिली. उठल्यावर मला म्हणाली, "मापं बरोबर आहेत."

महिन्याभराने ती शेवटची ओळ मलाच कापावी लागली. तिथली जमीन खोलगट. भरावाचा खर्च धरला की सगळ्यांचाच हप्ता असा चढे की निम्मे सभासद पहिल्याच वर्षी बुडाले असते. अठ्ठेचाळीसचं गणित बसेना, बेचाळीसचं बसलं. मी ते सात वेळा मांडलं, आठव्यांदा फक्त ताईसाठी मांडलं. मग सभेत सांगितलं की शेवटची सहा घरं दुसऱ्या टप्प्यात होतील. आमच्या धंद्यात दुसरा टप्पा म्हणजे 'या एकदा जेवायला' असं म्हणणं. वार कोणी सांगत नाही. पाच घरांचे लोक माझ्यावर तुटून पडले. ताई म्हणाली, "ठीक आहे." त्या पाचजणांच्या शिव्यांनी जे झालं नाही ते त्या दोन शब्दांनी झालं. मी कचेरीच्या मोरीत जाऊन नळ सोडून रडले.

कर्ज मंजूर झालं होतं, पैसे तपासणीनंतर सुटणार होते. तोवर जमीन सपाट करायचं काम सुरू झालं. तीन आठवड्यांनी तिथल्या वॉचमनचा फोन आला.

"बाई, ती फक्की पुसा नाहीतर राहू द्या, पण रोज नव्याने मारू नका."

"कोण मारतंय?"

"ते मी काय सांगू? बाकी सगळ्या घरांची रेघ उडून गेली. पंचेचाळीसची तेवढी रोज सकाळी कोरी करकरीत असते."

मी दुपारी चारला पोचले. मातीचा डंपर मागे मागे येत होता. आता चाक रेघेवरून जाणार असं वाटलं, तेवढ्यात तो थांबला, कोपऱ्याला वळसा घालून पुढे गेला. मी ड्रायव्हरला विचारलं, का रे वळलास? तो माझ्याकडे बघतच राहिला. "घर आहे ना," तो म्हणाला.

ताई आत स्टुलावर बसून फर्मे दुमडत होती. बाहेर वारा असा की मला फाईल दोन्ही हातांनी छातीशी धरावी लागत होती. तिच्या मांडीवर कागदांची चळत होती, वर वजन काही नाही, आणि त्यातला एकही कागद हलत नव्हता. मी रेघेपलीकडून हाक मारली. तिचे ओठ हलले, पण आवाज शेजारच्या खोलीतून यावा तसा आला. रेघेच्या कडेकडेने मी दाराच्या जागी आले तेव्हा तो स्वच्छ ऐकू आला.

"दारात येऊन बोल ना. भिंतीपलीकडून काय ओरडतेस?"

मी आत गेले. डंपरचा आवाज मागे राहिला. ऊन दिसत होतं पण लागत नव्हतं. भीती वाटायला हवी होती, ती वाटलीही, पण घरी परतल्यावर. आत होते तोवर मला फक्त बरं वाटलं.

"ताई, फक्की तू मारतेस?"

"मला कुठे वेळ? कामावरून सुटते, घरी येते."

"घरी म्हणजे?"

"खोली सोडली मी," ती म्हणाली. "दोन दोन भाडी कशाला भरायची?"

संस्थेच्या अध्यक्ष म्हणजे टेलरबाई, दुनियेची मापं काढणारी बाई. मी तिच्याकडे धावले. मशीन न थांबवता ती म्हणाली, "राहू दे की. कोणाला त्रास आहे तिचा? काल भाजी द्यायला गेले होते. मी म्हटलं, आता एक घंटी बसवून घे, किती वेळ दार ठोकायचं माणसाने." मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. थट्टा करताना तिची डावी भुवई वर जाते. ती गेली नव्हती.

तपासणीला बँकेचे साहेब आले. ताडमाड उंच, कमी बोलणारे, जगातली प्रत्येक वीट आपल्याच खिशातून गेली असा चेहरा. त्यांनी बेचाळीस घरांचे पाये मोजले, सळया मोजल्या, सिमेंटच्या गोण्यांवर थापा मारल्या आणि शेवटच्या ओळीकडे निघाले. "तिकडे काही नाही, साहेब," मी म्हणाले. ते थांबले नाहीत. दाराच्या जागी उभं राहून त्यांनी बोटं वळवली आणि हवेत दोनदा टकटक केलं. मला आवाज ऐकू आला, लाकडाचा. "उघडंच आहे," आतून ताई म्हणाली. साहेबांनी बूट पुसले आणि मान वाकवून आत गेले, कारण चौकट आम्ही साडेसहा फुटांचीच धरली होती. पाच मिनिटांनी तसेच मान वाकवून बाहेर आले.

"हवा चांगली खेळते," ते म्हणाले. दिवसभरात त्यांनी काढलेला हा एकच बरा शब्द.

अहवालात त्यांनी लिहिलं: घरे त्रेचाळीस. बेचाळीस पायापर्यंत. एक आधीच उभे, राहते. पाठोपाठ बँकेचं पत्र आलं. तुमच्या फाईलीत घरे बेचाळीस, अहवालात त्रेचाळीस. आठ दिवसांत जुळवा, नाहीतर मंजुरी रद्द. बँकेला घराशी देणंघेणं नसतं, तिला जुळणारे कागद लागतात. माझ्यापुढे दोन वाटा होत्या. ते घर पुसून टाकायचं आणि फेरतपासणी मागायची, किंवा फाईल बदलायची. काहीच केलं नाही तर बेचाळीस कुटुंबं रस्त्यावर.

मी पुसायचं ठरवलं. नियम मी केला, रेघ मी आखली, मोडायची तर मीच. सुट्टीच्या दिवशी दुपारी झाडू आणि पाण्याची बादली घेऊन गेले. ताई सतरंजीवर उताणी झोपली होती, हातपाय चारी दिशांना टाकून, तोंड किंचित उघडं. साठीच्या बाईला मी असं झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं, निदान हिला तरी नाही. मी खाली वाकून रेघेवर झाडू ओढायला गेले, आणि माझा खांदा कशाला तरी लागला. हात लावून पाहिला. गार होतं, थोडं खरबरीत, नव्या गिलाव्यासारखं. मी त्याला कपाळ टेकवलं. भर मैदानात, डोळ्यांपुढे काही नसताना, मी सगळा भार टाकून उभी राहिले आणि पडले नाही.

झाडू तिथेच टाकून मी कचेरीत गेले आणि फाईल बदलली. बांधायची घरे बेचाळीस, आधीच उभे एक, ताबा माझ्या बहिणीच्या नावे. खाली सही केली. वीस वर्षांत मी खोटा कागद केला नव्हता आणि हाही मला खोटा वाटेना. शिवाय आमच्यात म्हणतात, कागदावर आलं की निम्मं घर झालं. आज नाव लागू दे, उद्या त्या नावावर विटाही चढवू, असा माझा हिशेब होता. मला फार आनंद झाला होता.

त्याच संध्याकाळी मी ताईला सांगायला गेले. दारातून आत पाऊल टाकलं आणि वारा तोंडावर आला. उतरतं ऊन अंगाला लागत होतं. मागे सिमेंटचं यंत्र कानात घरघरत होतं. तिचे फर्मे मैदानभर उडाले होते, काही डंपरच्या चाकाखाली गेले होते. ताई स्टुलावर बसून दुमडत होती. हातात कागद नव्हता. बोटं नीट घडी घालत होती, नखाने दाबत होती, बाजूला ठेवत होती.

"ताई, वारा लागत नाही का तुला?"

"घरात कुठला वारा?" ती म्हणाली आणि खोकली.

मी रेघेवर पाय ठेवला. पाय सरळ पलीकडे गेला. माझ्यापुरती भिंत संपली होती, सहीची शाई वाळली तेव्हाच बहुधा. बाकी कोणासाठी ती संपली नव्हती. पैसे सुटले, बेचाळीस घरं उभी राहिली, आणि पंचेचाळीस नंबरलाही पाटी आली. पोस्टमन दाराच्या जागी उभा राहून पत्रं आत टाकायचा. घरपट्टीचं बिल यायचं आणि ताई ते वेळेवर भरायची. शेजारच्या बायका तिथे बसून गप्पा मारायच्या, निघताना हात लांब करून हवा ओढून घ्यायच्या, दार लागलं याची खात्री करायच्या. मी मात्र दर वेळी पाहायचे ते उघड्यावर बसलेलं एक म्हातारं माणूस. तिचे केस उन्हाने पिंगट झाले. ती खोकायची आणि म्हणायची, धूळ कुठून येते कोण जाणे, खिडक्या तर लावलेल्या असतात.

आणि मग जे कधी होत नाही ते झालं. दोन वर्षांनी दुसऱ्या टप्प्याला पैसे आले, भरावाच्या खर्चासकट. मी यादी केली, सहा नावं, सगळ्यात वर ताईचं. यादी बँकेतून परत आली तेव्हा नावं पाच होती. ताईच्या नावापुढे लिहिलं होतं: घर यापूर्वीच मिळालेले आहे. पुरावा म्हणून माझ्याच सहीची नक्कल जोडली होती.

मी सगळ्यांचे उंबरे झिजवले. बँकेच्या साहेबांना म्हटलं, मी खोटं लिहिलं, तिथे घर नाही, हवी ती शिक्षा द्या. ते म्हणाले, "मी स्वतः आत जाऊन आलोय, बाई." टेलरबाईचे मी पाय धरायचे तेवढे बाकी ठेवले. तिने माझ्या कपाळाला हात लावून पाहिला. "झोप होते ना तुझी? कालच मी तिच्याकडे चहा प्याले." चहा कुठे झाला असेल, कशात झाला असेल, हे विचारायचं धाडस मला झालं नाही.

पाच घरं झाली. त्यांच्या जागेत चार चार फुटांचा भराव पडला. पंचेचाळीस नंबरला नाही, राहत्या घराखाली भराव कसा घालणार? आता तो खड्डाच आहे. चहूकडचं सांडपाणी झिरपून तिथे येतं, आणि थंडीच्या सकाळी त्यात धुकं साचतं.

परवा मी रजई घेऊन उतरले. ताई ओल्या सतरंजीवर बसली होती, पाय घोट्यापर्यंत चिखलात. ओठ निळे पडले होते. वरच्या पाच घरांतून भांड्यांचे आवाज येत होते.

"ताई, चल. आत्ताच्या आत्ता माझ्याकडे चल. हवं तर भांड माझ्याशी, पण चल."

"स्वतःचं घर सोडून कोण जातं?"

तिला खोकल्याची उबळ आली, ती बराच वेळ थांबेना. मी तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिले, आणि मला माझाच राग राग आला. उबळ थांबल्यावर तिने माझा हात आपल्या हातात घेतला. तिची बोटं बर्फ झाली होती.

"तू होतीस म्हणून मला मिळालं," ती म्हणाली. "नाहीतर त्या पाचजणांसारखी दोन वर्षं वाट बघत बसले असते."