बाबांच्या माळावरची कुसळं

बाबांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्याच माळावर ट्रॅक्टरभर झाडं लावायचं ठरलं, हे ऐकून माझं डोकंच फिरलं.

माझे बाबा, रामसर, बारामतीच्या शाळेत शिकवायचे. पण त्यांचा खरा वर्ग भरायचा तो कन्हेरीजवळच्या माळावर. "या गवताला पडीक म्हणाल तर याद राखा," असा दमच भरायचे. चंडोल जमिनीवर घरटं करतो, चिंकारा मोकळ्यावर चरतो, इथे झाडांची गर्दी केली तर यांनी जायचं कुठे? हे त्यांनी पोरांच्या डोक्यात पक्कं बसवलंय, असं आम्हाला वाटत होतं.

आमचे लाडही माळावरच व्हायचे. लग्नानंतर आईला पहिल्यांदा फिरायला नेलं ते तिथेच. माझे वाढदिवस तिथेच, डब्यातल्या शिऱ्यावर. संध्याकाळी आई त्यांच्या पँटला चिकटलेली कुसळं वेचत कुरकुरायची, "माणूस घरी येतो की गवताची पेंढी?" आणि हे पाय पसरून खुशाल चहा पीत बसायचे.

श्राद्धाच्या सकाळी आई आणि मी माळावर पोचलो, तर रोपांचा ट्रॅक्टर उभा, खड्डे आदल्या दिवशीच खणलेले, माजी विद्यार्थ्यांची ही गर्दी. पुढे युवराज, इंदापूरकडचा बागायतदार, बाबांचा सगळ्यात लाडका.

"काकू, पयलं झाड तुमच्या हातनं. सरांच्या नावानं जंगल उभं करतो बघा हितं!"

"अरे, सरांनी तुला हेच का..." मी तोंड उघडलं. आईने माझा हात दाबला. युवराजचे डोळे भरून आले होते. इतक्या मायेने चुकणाऱ्याशी भांडायचं तरी कसं?

आईने रोपाला हात लावला नाही. कोऱ्या साडीनिशी ती सरळ गवतात बसली. "आल्या आल्या सर काय सांगायचे?"

मागून कुणीतरी पुटपुटलं, "चपला काढा. खाली बसा. तोंड बंद."

"मग बसा की."

डॉक्टर, कारखान्यातले साहेब, बागायतदार, सगळे निमूट बसले. कुणी खाकरलं, कुणाचा फोन वाजला. मग माळ शांत झाला. बऱ्याच वेळाने एक चंडोल चोचीत अळी घेऊन उतरला आणि खड्ड्यापासून वीतभर अंतरावर गवतात शिरला. आतून पिल्लांची चिवचिव आली.

युवराजने कपाळावर हात मारला. "सर आसते तर कान धरून उभं केलं आसतं मला." मग वळून, पिल्लांना ऐकू जाईल की काय अशा दबक्या आवाजात म्हणाला, "खड्डे बुजवा रं. हितं एक बी झाड न्हाय लावायचं. रोपं ज्यानं त्यानं आपापल्या दारात लावा."

खड्डे बुजले. ट्रॅक्टर जसा आला तसा गावाकडे निघाला. मला गाडीच्या टपावर चढून ओरडावंसं वाटत होतं, जिंकले, माझे बाबा जिंकले!

घरी आल्यावर आई बाबांच्या खुर्चीत पाय पसरून बसली. "आसावरी, चहा टाक. आणि ही कुसळं वेच बाई, टोचतायत." वर्षभरात पहिल्यांदा ती खळखळून हसत होती.

मी तिच्या पायाशी बसले, साडीचा काठ हातात घेतला आणि म्हटलं, "बाई घरी येते की गवताची पेंढी?"