तोर्किलचा डावा कान आणि मी

मी तोर्किलचा डावा इअरफोन बोलतोय. आता बोलतोय, असं म्हणायला हवं. मधला बराच काळ माझी वाचा बसली होती. मी मुका झालोय हे गावात कुणालाच कळलं नव्हतं, आणि ज्याच्या कानात मी रोज बसायचो त्याला तर मुळीच नाही.

माझा जन्म लेमविग गावातल्या श्रवणकेंद्रात झाला. तिथल्या बाईंनी तोर्किलच्या कानात गार गुलाबी लगदा भरला आणि म्हणाल्या, "तोंड उघडं ठेवा, हलू नका." तो मात्र बोलतच राहिला. लगदा घट्ट झाल्यावर निघालेला साचा त्याच्या कानाची हुबेहूब नक्कल होता. त्या साच्यावरून बाटलीच्या काचेसारखा हिरवा मी घडलो. पोटात तांदळाच्या दाण्याएवढे स्पीकर भरले गेले. माझ्याबरोबर उजवाही जन्मला. तो माझा जुळा, पण आम्ही एकमेकांच्या जागी बसू शकत नाही. आम्हाला फक्त तोर्किलचे कान बसतात. दुसऱ्या कुणाच्या कानात घालायचा प्रयत्न केला तर भलत्याच कुलपात किल्ली घातल्यासारखं होतं.

तोर्किल ओस्टरबी पियानोचे स्वर लावायचा. फ्योर्डच्या, म्हणजे आत शिरलेल्या खाडीच्या, दोन्ही काठांवरच्या शाळा, चर्चं, घरं, सगळीकडचे पियानो त्याच्या हाताखालून गेलेले. निवृत्त झाल्यावर त्याचा सगळा मान कानांत येऊन बसला. जुन्या डेअरीच्या इमारतीत दर बुधवारी दुपारी श्रवण मंडळ भरायचं. तिथं कुठला इअरफोन चांगला, कुठला वाईट, याचा शेवटचा शब्द तोर्किलचा. तो डोळे मिटायचा, मान किंचित वाकडी करायचा, आणि सगळे कॉफीचे कप खाली ठेवायचे.

मग माझ्यावर ती वेळ आली. तोर्किलनं मला शर्टाच्या खिशात टाकलं आणि विसरला. त्याच्या बायकोनं, गुद्रुननं, तो शर्ट धुवायला टाकला. मशीनमध्ये मी किती गरगरलो ते विचारू नका. बाहेर आलो तो चकचकीत, पण आतून मेलेला. गुद्रुननं मला पुसून डबीत ठेवलं आणि मनाशी म्हणाली, "बरं झालं, नाहीतरी मळ साचला होता."

दुसऱ्या दिवशी तोर्किलनं आम्हाला कानात घातलं. मी जीव मुठीत धरून बसलो होतो. आता हा ओरडणार, आता मला काढून टेबलावर आपटणार. तो हसला.

"गुद्रुन, ऐक ना. आज आवाज कसा मोकळा झालाय! मध्ये हवा खेळतेय."

तेव्हा मला कळलं. माझ्या आधीच त्याचा डावा कान मिटला होता. किती दिवसांपूर्वी, देव जाणे. शेजारच्या खोलीतला दिवा गेलेला कळू नये, तसं झालं होतं त्याचं.

मंडळात एबे नावाचा दातांचा डॉक्टर होता. त्याच्याकडे फार भारी इअरफोन होते, पण कुणाच्याही कानात बसणारे. टोकाला रबराची टोपी. लहान कान, मोठा कान, टोपी बदलली की झालं. एबे म्हणायचा, "आवाज चांगला असेल तर तो सगळ्या गावाला ऐकू आला पाहिजे." तोर्किल म्हणायचा, "गावजेवणाचं सूप आणि घरचं सूप यात फरक असतो, डॉक्टर."

एका बुधवारी वाद हातघाईवर आला.

"तुमचे श्रेष्ठ, हे कोण सांगतं? तुम्हीच!" एबे म्हणाला. "स्वतःच्या पोराला स्वतःच पहिला नंबर देताय."

"मग ऐका ना तुम्ही!"

"कसं ऐकू? माझ्या कानात जातच नाहीत!"

मग सगळ्यांनी आळीपाळीनं आम्हाला घालून पाहिलं. एकीला फक्त स्वतःच्या जबड्याचा आवाज आला. पाद्रीबाईंना समुद्र ऐकू आला आणि त्या भारावून गेल्या. पण तेव्हा काहीच वाजत नव्हतं. बेकरीवाल्याच्या कानात मी असा रुतलो की लोण्याचा अख्खा पुडा खर्ची पडला. आता खाली पाव तेवढा हवा होता.

शेवटी मंडळानं ठराव केला: तोर्किलसारखाच कान असलेला निःपक्षपाती माणूस गावात शोधायचा. मंडळी तो गुलाबी साचा घेऊन फिरू लागली. मासळीच्या दुकानात, वाचनालयात, बसथांब्यावर लोकांना "जरा मान वळवता का?" असं विचारू लागली. एबे तर खुर्चीत आ करून बसलेल्या पेशंटचे दात सोडून कान बघू लागला.

हे सगळं ऐकून गुद्रुन वैतागली. "अहो, गाव कशाला पालथं घालताय? याच्यासारखा कान एकाच माणसाला आहे. आस्गरला."

आस्गर म्हणजे तोर्किलचा धाकटा भाऊ. बंदराच्या टोकाला त्याची हेरिंग मासे धुरावण्याची भट्टी होती. दोघं एकाच गावात राहायचे, पण वडिलांच्या अंत्यविधीच्या जेवणापासून बोलत नव्हते. भांडण जमिनीवरून नव्हतं. वडिलांच्या बोटीचा भोंगा स्वरात वाजायचा की नाही, यावरून होतं. तोर्किल म्हणाला स्वरात होता, आस्गर म्हणाला अर्धा स्वर चढा होता. त्या जेवणात बटाटे उडाले होते.

"कान येऊ दे," तोर्किल म्हणाला. "पण बोलायचं नाही."

गुद्रुन भट्टीवर गेली आणि दिराला म्हणाली, "तुझे कान हवेत. बाकीचा तू येणार नसशील तर घरी ठेव."

तो आला. स्वच्छ शर्ट घालून आला, तरी अंगाला धुराचा वास होता. तोर्किलच्या डाव्या हाताची खुर्ची तेवढी रिकामी होती, तिथं बसला. समोर एबे. रेकॉर्डिंग चेलो नावाच्या मोठ्या व्हायोलिनचं आणि गायनाचं होतं. चेलो डाव्या बाजूला, गाणारी उजवीकडे. आधी एबेचे इअरफोन झाले. आस्गरनं मान डोलावली. मग तोर्किलनं आम्हाला पुढं सरकवलं आणि भावाकडे न बघता सभेला सांगितलं, "चेलो ऐका म्हणावं. समोर मांडी घालून बसल्यासारखा येतो."

मी आस्गरच्या कानात शिरलो आणि थक्क झालो. तोच वळसा, तोच खळगा, तोच आतला नाकतोड्याच्या गुडघ्यासारखा कोपरा. जणू घरी आलो. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना!

संगीत सुरू झालं. उजवा गात होता. मी गप्प. आस्गरच्या कपाळाला आठी पडली. त्यानं मला बोटानं टकटक केलं. मग थोरल्या भावाकडे झुकून हळूच म्हणाला, "तोर्किल, यातून आवाज येत नाही."

तोर्किल समोर बघून हसत होता.

"तोर्किल," आस्गर जरा मोठ्यानं म्हणाला. "डावा बंद आहे."

तोर्किलनं कपातली कॉफी ढवळली. आस्गर त्याच्याकडे बघतच राहिला. भावाची कलती मान, पुढं काढलेला उजवा कान, सगळं त्यानं पाहिलं. त्याच्या कानातली शीर माझ्या अंगावर थडथड उडत होती.

"काय मग?" एबेनं टेबलावर कोपरे टेकले. "यांच्यातला चेलो कसा वाटला? स्पष्ट सांगा हं."

एका वाक्याचं काम होतं. इतक्या वर्षांचा हिशेब सगळ्या गावासमोर चुकता झाला असता. आस्गरनं आम्हाला काढून डबीत ठेवलं.

"चेलो लाजाळू आहे," तो म्हणाला. "एका बैठकीत खुलणार नाही. मला पुन्हा यावं लागेल."

एबेचा जबडा खाली आला. इतरांनी गंभीरपणे माना डोलावल्या. लाजाळू चेलो सगळ्यांना पटला.

घरी जाताना तोर्किल सायकल हातात धरून धक्क्यावरून चालला होता. मी त्याच्या कोटाच्या खिशात होतो. मागून धुराचा वास आला. आस्गरनं डावीकडून हाक मारली. तोर्किल चालतच राहिला. मग तो सायकलीला वळसा घालून उजवीकडे आला.

"तुझा डावा कान गेलाय, गाढवा."

तोर्किल थांबला. "काहीतरीच."

"तुझा डावा इअरफोन मेलाय. आणि तुला पत्ता नाही."

तोर्किलनं मला खिशातून काढलं, डाव्या कानात घातलं, मग काढून बोट घातलं, मग स्वतःच्या कानाशी चुटकी वाजवली. पुन्हा वाजवली. ज्या माणसानं गावभरचे पियानो सुरात आणले, तो रस्त्यात उभा राहून चुटक्या वाजवत होता. मग त्याचा हात खाली आला.

"सगळ्यांसमोर सांगितलं असतंस," तो म्हणाला.

"सांगितलं असतं." आस्गर पाण्याकडे बघत म्हणाला. "गेल्या ख्रिसमसला चर्चमध्ये तुझ्या बाकावर येऊन बसलो होतो. तुझ्याशी बोललो. तू ढिम्म. मान फिरवलीस."

"बोललास? केव्हा? कुठल्या बाजूला बसला होतास?"

आस्गरनं हात वर करून आठवलं. "डाव्या."

तोर्किलनं मला खिशात परत ठेवलं.

"काय म्हणाला होतास?"

"एकदा सांगून झालंय."

"आस्गर!"

"तूच बरोबर होतास, म्हणालो. भोंगा स्वरातच होता."

"छे!" तोर्किल ओरडला. "अर्धा स्वर चढाच होता! मी कितीदा मनात वाजवून पाहिलाय. तू बरोबर होतास."

"वेडा आहेस का? चढा कुठं? तू बरोबर होतास!"

"ऐकायचंच नाही तुला कधी. तू बरोबर होतास म्हणतो ना!"

असे भांडत भांडत दोघं घरी आले. गुद्रुननं दार उघडलं, दोन्ही चेहरे पाहिले, आणि काही न विचारता टेबलावर तिसरी बशी मांडली.

पुढच्या बुधवारी तोर्किल मंडळात उभा राहिला. "माझा डावा कान गेलेला आहे. अलीकडचे माझे सगळे निकाल अर्धे धरावेत." एबे लालबुंद झाला. "म्हणजे इतके दिवस तुम्ही एका कानानं मला हरवत होतात?" मग त्याला काय वाटलं कुणास ठाऊक, त्यानं आपल्या हातचा केक तोर्किलच्या बशीत ठेवला आणि दुसऱ्या दिवशी स्वतःचे कान तपासून घ्यायला गुपचूप श्रवणकेंद्रात नाव नोंदवून आला.

तोर्किलच्या डाव्या कानात आता श्रवणयंत्र आहे. ते फार बडबडं आहे, चमच्याचा आवाजसुद्धा सांगतं. मला दुरुस्त करून आणलं. आता आम्ही दोघं जुळे आस्गरकडे असतो, भट्टीवर. निकाल अजून लागलेला नाही. एबे दर बुधवारी विचारतो, आस्गर दर बुधवारी चेलोला आणखी एक संधी देतो.

बाबांनो, मी एवढासा हिरवा जीव, मोठं काय सांगणार? कुणी आपलं ऐकत नाही असं वाटलं, तर रागावण्याआधी उठून त्याच्या दुसऱ्या बाजूला जाऊन बसा. आणि शर्ट धुवायला टाकताना खिसे बघा.

आता निरोप द्या. आस्गरनं हात पुसले आहेत, पण नीट पुसलेले नाहीत. अंगाला हेरिंगचं तेल लागलंय, कान समोर आलाय, आणि चेलो सुरू व्हायच्या बेतात आहे.