माझ्या नावावरचा वेग

मित्रांनो, मी एक जुनी पांढरी व्हॅन आहे, आणि मला राग आलेला आहे. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे माझा आवाज चढला तर तुम्हाला नवल वाटायला नको. माझ्या मालकीणबाई अक्काताई कधी रागावत नाहीत. पहाटे उठून ध्यानाला बसतात, दिवसातून एकदाच जेवतात, सूर्य मावळला की पाण्याचा थेंबही घेत नाहीत, आणि बोलतात इतक्या हळू की भाजीवाल्याला दोनदा विचारावं लागतं. राग न करण्याचं व्रत त्यांचं आहे. मी गाडी आहे. मी कसलंच व्रत घेतलेलं नाही.

मला कोल्हापुरात आणलं ते अक्काताईंच्या यजमानांनी, आपल्या कापडाच्या दुकानासाठी. इचलकरंजीहून कापडाचे तागे भरून आणायचे आणि महाद्वार रोडच्या गर्दीतून अंग चोरत दुकानापुढे उभं राहायचं, हे माझं काम. कोऱ्या कापडाचा वास माझ्या अंगात इतका मुरला होता की पेट्रोलचा वास त्यापुढे हरायचा. दसऱ्याला मला झेंडूची माळ मिळायची. पुढे यजमान गेले, दुकान बंद झालं आणि मी दारात उभी राहिले. माझ्या टपावर सांडगे वाळू लागले. चिमण्यांनी आरशाखाली घरटं केलं. आता आपलं संपलं, असं मला वाटू लागलं होतं.

मग एका वर्षी गावात आर्यिका माताजींचा संघ आला. माताजी म्हणजे पांढऱ्या साडीतल्या आमच्या जैन साध्वी. त्या गाडीत बसत नाहीत. कुठंही जायचं तर अनवाणी चालत जातात. त्यांच्या या चालण्याला विहार म्हणतात. महामार्गावरून विहार चालला की ट्रकांपासून त्यांना जपायला मागे एक गाडी लागते. मुक्कामाला पुढं गेलं की शुद्ध स्वयंपाकाची शेगडी, पातेली, विहिरीचं गाळलेलं पाणी हेही कुणीतरी न्यावं लागतं. अक्काताईंनी माझी मागची बाकं काढून टाकली. माझ्या मागच्या काचेवर कापडाचा एक फलक बांधला. त्यावर लिहिलं होतं, ‘विहार सुरू आहे, सावकाश जा.’ अक्काताईंचे धाकटे भाऊ कल्लाप्पा माझ्या स्टेअरिंगवर बसले, आणि मी नव्यानं कामाला लागले.

मित्रांनो, माणसाच्या पावलानं चालणं गाडीला सोपं नसतं. पहिल्या गिअरमध्ये इंजिन तापतं, क्लचला वास येतो. कल्लाप्पा मला थोपटत म्हणायचे, “जरा दम धर गं म्हातारे, फुडं माणसं हाईत.” मी दम धरायचे. पुढे पांढऱ्या साड्या, हातात मोरपिसांच्या पिंछ्या, आणि मागे मी. सबंध रस्त्यात इतकी सावकाश गाडी दुसरी नसेल. याचा मला अभिमान होता.

आता ऐका माझ्यावर काय आरोप आला तो.

गेल्या हिवाळ्यात संघ स्तवनिधी तीर्थाच्या वाटेवर होता. कर्नाटकाची हद्द ओलांडून आम्ही पुढे गेलो होतो. सकाळचं कोवळं ऊन होतं. रस्त्यावरच्या एका खांबाला कॅमेरा लावलेला होता. त्याच्याखालून माताजी चालत गेल्या, त्यांच्यामागे मी निघाले. तेवढ्यात उजव्या बाजूनं एक काळी गाडी अशी सुसाट गेली की माझा फलक फडफडला आणि एका माताजींच्या साडीचा पदर उडाला. कल्लाप्पांनी तिला दोन शब्द सुनावले आणि मग माताजींच्या मागे आहोत हे आठवून जीभ चावली. काळी गाडी दिसेनाशी झाली. आम्ही चालत राहिलो.

काही दिवसांनी अक्काताईंच्या मोबाईलवर चलन आलं. सीमेपलीकडच्या रस्त्यावर अतिवेग. ताशी चौऱ्याण्णव. आणि त्याखाली माझा नंबर.

फोटोही होता. त्यात माझी मागची नंबरप्लेट, बंपरचा तुकडा आणि कडेला एक काळा फराटा होता. तो फराटा म्हणजेच ती गाडी. वेग तिचा होता. ती निघून गेली, मी तिथंच राहिले, आणि जी राहिली ती सापडली. मला असा राग आला की त्या दिवशी मी तीनदा किल्ली फिरवूनही चालू झाले नाही.

कल्लाप्पा ते चलन ऐकून हसायला लागले. “माताजी फुडं, गाडी मागं. गाडी चौऱ्याण्णवनं गेली म्हंजे माताजी शंभरानं पळाल्या व्हय रं?” असं त्यांनी भाच्याला विचारलं.

त्यांचा भाचा म्हणजे अक्काताईंचा मुलगा सम्मेद. मुलगा वाईट नाही, आईला जिवापाड जपणारा. तो म्हणाला, हसण्यावारी नेऊ नका, व्हॅनचं पासिंग जवळ आलंय. चलन बाकी असलं तर पासिंग होणार नाही, आणि पासिंग नाही झालं तर गाडी भंगारात जाईल. “भरून टाकूया की अव्वा,” तो आईला म्हणाला. “एक बटण दाबायचं, झालं.”

“दाबलं की काय होतं?” अक्काताईंनी विचारलं.

“गुन्हा मान्य केला असं होतं. त्यात काय एवढं? कोण बघतंय?”

अक्काताईंनी मोबाईल उलटा करून ठेवला. “मी न्हाय दाबत. जे झालंच न्हाय ते झालं म्हणू?”

त्या खोटं न बोलण्याच्या व्रताला लहानपणापासून बांधलेल्या आहेत. विषय तेवढ्यावर संपला. पण माझा जीव त्यात अडकला, हे तुमच्या लक्षात आलं का? अक्काताई एकदा ‘हो, माझी गाडी जोरात गेली’ म्हणाल्या असत्या तर मी वाचत होते. ‘नाही’ म्हणत राहिल्या तर मी भंगारात जात होते. आणि तरी सांगते, त्यांनी मोबाईल उलटा ठेवला तेव्हा मला बरं वाटलं.

शेवटी ठरलं, सीमेपलीकडच्या त्या गावी जाऊन खरं काय ते सांगायचं. सकाळी देवदर्शन करून निघायचं, तासाभरात काम होईल, दुपारी घरी येऊन अक्काताई आपलं एकवेळचं जेवण घेतील. चौकीत सामान पाहून उगाच चौकशी नको म्हणून सम्मेदनं माझ्यातली पातेली, शेगडी, पाण्याची कळशी, सगळं उतरवून ठेवलं. मी कित्येक गावांना गाळलेलं पाणी पोचवलेली गाडी. त्या दिवशी माझ्यात एक तांब्याही नव्हता.

चौकीतल्या हवालदारांनी कल्लाप्पांना, “पावणं, कुठनं आलासा?” म्हणत बसायला खुर्ची दिली. माणूस भला होता. त्यांनी आपल्या संगणकावर तो फोटो पूर्ण उघडला आणि मोठा केला. खिडकीतून मला सगळं दिसत होतं. माझी प्लेट दिसली, वर ‘सावकाश जा’ लिहिलेल्या फलकाचा कोपरा दिसला, आणि माझ्या टपापलीकडे पांढरी साडी आणि मोरपिसं दिसली. हवालदारांनी पडद्याकडे पाहून हात जोडले.

मग म्हणाले, “दिसतंय की हो अक्का, सगळं दिसतंय. पर मशिनीनं लिवल्यालं मी कसं पुसू? कोर्टात सायेबांना सांगा. त्ये दुपारनंतर बसत्यात.”

मित्रांनो, ही गोष्ट मला अजून डाचते. डोळ्यांनी पाहणारा माणूस समोर होता, हात जोडणारा माणूस समोर होता, आणि तरी खोट्याला हात लावायचा अधिकार कुणालाच नव्हता. मशीन चुकलं तर ते नुसतंच चुकतं. ते निस्तरायला मात्र म्हातारीनं उपाशीपोटी राज्य ओलांडून यायचं.

कोर्टापुढच्या चिंचेखाली आम्ही थांबलो. दुपार झाली. साहेब आले, पण आधीच्या माणसांची रांग संपेना. अक्काताई माझ्या पुढच्या सीटवर बसून माळ ओढत होत्या. बाहेरचं त्या खात नाहीत, बाहेरचं पाणी पीत नाहीत. त्यांना साखरेचा त्रास आहे, ओठ सुकले होते. कल्लाप्पा म्हणाले, “आक्का, घराकडं जाऊया का? पुन्ना येऊ.” त्यांनी मान हलवली. आज सांगूनच जायचं, असं त्या म्हणाल्या.

सम्मेद माझ्याभोवती फेऱ्या मारत होता. एकदा सूर्याकडे बघायचा, एकदा आईकडे. सूर्य मावळायच्या आत ती घरी पोचली नाही तर आज अन्न नाही, पाणी नाही, ते थेट उद्या. मला त्याची भीती कळत होती. मग तो माझ्या मागे गेला. माझ्या फलकाआड उभा राहून त्यानं मोबाईल काढला आणि ते बटण दाबलं.

पुढे येऊन म्हणाला, “मिटलं अव्वा. चला.”

अक्काताईंचा चेहरा असा उजळला की काय सांगू. त्यांना वाटलं, पोरगं आत जाऊन साहेबांना भेटून आलं. त्या खाली उतरल्या आणि त्या कोर्टाच्या इमारतीला त्यांनी नमस्कार केला. “बघ, नीट सांगितलं की माणसं ऐकतात,” असं कल्लाप्पांना म्हणाल्या. मला हॉर्न वाजवता आला असता तर मी तिथंच बोंब ठोकली असती.

येताना सम्मेदनं मामांना बाजूला केलं आणि स्वतः स्टेअरिंगवर बसला. त्या दिवशी, मित्रांनो, मी खरोखर पळाले. माझी दारं खडखडत होती, स्टेअरिंग थरथरत होतं, कल्लाप्पा ओरडत होते, “आरं, म्हातारी गाडी हाय ती, मोडंल.” मी त्याच कॅमेऱ्याखालून गेले. त्यानं माझ्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. सावकाश चालले तेव्हा मी गुन्हेगार झाले, आणि जोरात पळाले तेव्हा मी कुणालाच दिसले नाही.

घरी पोचलो तेव्हा गच्चीवर ऊन होतं. अक्काताईंनी हातपाय धुतले, पाट घेतला, ताटावर बसल्या. पुढच्या सोप्याचं दार उघडं होतं, मी दारातच उभी होते. पहिला घास हातात घेऊन त्या म्हणाल्या, “उद्या माताजींना सांगते. खरं ऐकून घेतलं म्हणावं आपलं.”

आणि सम्मेदला ते सहन झालं नाही. त्यानं सगळं सांगून टाकलं. तुझं व्रत मोडू नये म्हणून केलं, तू उपाशी राहिली असतीस म्हणून केलं, असं म्हणत तो रडायला लागला.

अक्काताईंनी घास ताटात परत ठेवला. कुणाला वाटेल त्या ओरडल्या असतील. त्या नेहमीसारख्याच हळू बोलल्या.

“सम्मेदा, उपास मला झेपला असता रे.”

आणि त्या उठल्या. एकवेळ जेवणाऱ्यांचा नियम असा की ताटावरून एकदा उठलं की त्या दिवसाचं जेवण संपलं. गच्चीवर ऊन तसंच होतं. पाणीही त्यांनी घेतलं नाही. ज्या घासासाठी त्यानं हे सगळं केलं, तो घास ताटात कोरडा पडला.

माझं पासिंग झालं. उद्यमनगरातल्या मिस्त्रींनी माझा क्लच बदलला, मला धुऊन पुसून उभं केलं. भंगारातून वाचले म्हणून मी आनंदी असायला हवी होते. पण माझ्या नावावर त्या कुठल्याशा यंत्रात चौऱ्याण्णव लिहिलेलं आहे, आणि त्याखाली आमचा होकार आहे. तो पुसायला आता जागाच राहिली नाही. जे भरलं ते मिटलं, असं सगळे सांगतात. काय मिटलं? विचारा माझ्या अक्काताईंना.

त्यांनी त्याचं प्रायश्चित्त माताजींकडून मागून घेतलं. चूक पोराची आणि प्रायश्चित्त आईनं घेतलं. पुढचा विहार पूर्ण होईपर्यंत माझ्यात बसायचं नाही, संघाबरोबर अनवाणी चालायचं.

परवा तो विहार झाला. त्याच रस्त्यानं. पुढे माताजी, त्यांच्या मागे अक्काताई, आणि मागे मी. स्टेअरिंगवर कल्लाप्पा नव्हते. त्यांचं म्हणणं, आता ज्यानं पळवली त्यानं चालवावी. सम्मेद बसला होता. आईच्या टाचांच्या भेगा त्याला काचेतून दिसत होत्या, आणि तिच्यापुढे जायची सोय नव्हती. पहिला गिअर, तापलेलं इंजिन. मागून ट्रक भोंगे वाजवत होते, त्यानं एकदाही हॉर्नला हात लावला नाही.

मित्रांनो, जाता जाता एक मागते. माझी काच पुसा, हवा बघा, तेल बदला, हे तर कराच. पण जुन्या माणसाचा शब्द त्याहून जपा. कुणी ‘नाही’ म्हणत बसलं असेल, तर ते थकलंय असं वाटून त्याच्या वतीनं ‘हो’ म्हणू नका. त्याला गाळलेलं पाणी आणून द्या आणि शेजारी बसा. रांग कितीही लांब असू दे.

त्या विहारात कॅमेऱ्याचा खांब आला तेव्हा अक्काताई थांबल्या. वळून माझ्यामागे आल्या. फलकाची एक गाठ सुटून तो नंबरप्लेटवर लोंबत होता. त्यांनी तो वर ओढून नीट बांधला, माझा नंबर पदरानं पुसला, आणि सम्मेदच्या खिडकीशी येऊन म्हणाल्या, “चल आता. त्याला नीट बघू दे.”

मग त्या पुढे जाऊन चालू लागल्या, आणि मी त्यांच्या मागे, त्यांच्याच पावलानं, त्या खांबाखालून गेले.