मोकपोच्या भुताचा आवाज

शेवटी भुताचा आवाज कापला गेला. असो. कुणाचाही आवाज कापलेला नाही असं समजून पुढे वाचा; चुंगमुरोत आम्ही सगळे तसंच समजून रोज कामाला जातो.

चुंगमुरो म्हणजे सोलमधला सिनेमावाल्यांचा रस्ता. इथे शूटिंग मुकं होतं, आवाज नंतर स्टुडिओत भरतात. अडुसष्ट साल लागलं तरी इथली सगळी बायकी भुतं माझ्याच आवाजात बोलतात. सासूने विष दिलेली सून मी, मालकाने विहिरीत ढकललेली मोलकरीण मी, बाईचं रूप घेतलेली कोल्हीणही मीच. गरीब पोरी देशभरातून येऊन मरतात, आणि मेल्या की थेट रेडिओवरच्या बातम्यांसारखं शुद्ध बोलायला लागतात. मला कंटाळा आलाय. भुतांनाही आला असेल.

नाम ओक-बुन ही आमची नेहमीची मरणारी नटी. दूर दक्षिणेतल्या मोकपो बंदराची. पांढरे कपडे, मोकळे केस, ओठाच्या कडेला रक्त. तिची आई गावात तिचा प्रत्येक सिनेमा बघायची आणि म्हणायची, "दिसतीया माझी पोर, बोलतीया कोन भवानी?" हे त्या भवानीला, म्हणजे मला, ओक-बुन दर वेळी हसून सांगायची. यंदा हसली नाही. आईची नजर गेली होती.

"ताई, आता तिला नुसतं ऐकूच येनार. त्यो बी तुमचा आवाज."

या सिनेमातल्या मोलकरणीच्या भुताला स्वतःचा आवाज देऊ का, असं तिने दिग्दर्शक प्यो साहेबांना विचारलं.

"मोकपोची बोली?" ते म्हणाले. "ती विनोदी नोकराला. नाहीतर चोराला. भूत तसं बोललं तर लोक हसतील."

"मोलकरीन मोकपोचीच हाय की, साहेब."

"जिवंत असेपर्यंत."

विषय संपला. पण शूटिंगच्या वेळी ओक-बुन कॅमेऱ्यासमोर काय बोलली, इकडे कुणाचं लक्षच नव्हतं. स्टुडिओत मी 'तुमच्या घराण्याचा समूळ नाश करीन' म्हणायला लागले, आणि 'घराण्याचा'पाशीच पडद्यावरच्या भुताने तोंड मिटलं. पुन्हा केलं. पुन्हा मिटलं.

प्यो साहेब खुर्चीत घसरत चालले होते. "भरभर म्हण ना गं!"

"साहेब, भूत आहे ते. भाजीवाली नाही."

मग मीच ओक-बुनला आत बोलावलं. ती माइकसमोर उभी राहिली. पडद्यावर मालकीण किंचाळत भिंतीला टेकली आणि भूत मायेने म्हणालं, "बाईसाहेब, जेवलासा का?"

ओठ चपखल बसले. कुणी हसलं नाही. ध्वनिमुद्रणवाल्याने उठून दिवा लावला.

"राहू दे तसंच," प्यो साहेब म्हणाले. "मला घरी जायचंय."

सिनेमे पास करणाऱ्या सरकारी तपासणीवाल्यांना सिनेमातले सगळे खून चालले. बोली चालली नाही. एका विशिष्ट प्रांताचा भुताटकीशी संबंध जोडल्याने त्या प्रांताची बदनामी होते, म्हणे. मग ओठ दिसू नयेत म्हणून भुताच्या तोंडावर केस आलेत असं दृश्य नव्याने घेतलं, आणि घराण्याचा समूळ नाश मीच केला. त्या शूटिंगला ओक-बुन केसांमागे बसून होती. उठताना एवढंच म्हणाली, "ताई, कापलेला आवाज कुठं ठेवत्यात ओ?"

सबब, तपासणी कार्यालयास नम्र विनंती की, सदर कापलेली ध्वनिफीत कार्यालयाच्या कोणत्याही उपयोगाची नसल्याने ती मोकपो येथे नाम ओक-बुन हिच्या मातोश्रींकडे पोचवावी; ती ऐकवण्यासाठी एक यंत्र व एक कर्मचारी सोबत द्यावा; आणि आपण जेवलो की नाही याबाबत मातोश्रींनी काही उत्तर दिल्यास, ते मूळ चित्रपटात योग्य जागी जोडण्यात यावे.